हरकत

मिल बंद होऊन तीस वर्षं झाली, तरी आमचे हे आणि त्यांचे जुने सोबती अनंत चतुर्दशीच्या मिरवणुकीत मिलची झाँकी, म्हणजे रोषणाईचा चित्ररथ, काढतच होते. मिलमधली एक शेड तेवढी उरली होती, झाँकी तिथेच बनायची. जमीन बिल्डरकडे गेली तेव्हा शेड पाडायच्या परवानगीविरुद्ध एकोणीस म्हाताऱ्यांनी सह्या केल्या, आणि आमच्या मुलाने, नीरजने, ती हरकत स्वतःच्या मोबाइलवरून सरकारी पोर्टलवर टाकून दिली.

मग रोज सकाळी यांचं सूनबाईला एकच, "शिवांगी, देख तो बेटा, आज पोर्टल काय म्हणतंय?"

"लालच आहे, बाबा. परवानगी रुकी हुई है."

"राहू दे लाल! मिलमध्ये आमची सगळी कामं लाल झेंड्यानेच व्हायची," म्हणत हे हसायचे.

काल तिथे हिरवी खूण आली. खाली लिहिलं होतं, 'अर्जदाराने हरकत मागे घेतली.'

"कोणी रे मागे घेतली?" यांनी नीरजला विचारलं.

तो मान वर न करता म्हणाला, "मीच, बाबा. त्या टॉवरमध्ये आपला फ्लॅट बुक केलाय. शेडमुळे काम अटकलं होतं ना."

मग नीरज समजावणीच्या सुरात पुढे म्हणाला,

 

"रस्त्याकडचाच घेतलाय, खास तुमच्यासाठी. बालकनीतून झाँकी एकदम मस्त दिसेल."