खोलीत बोललेलं सगळं

"तुम्ही आता विश्रांती घ्यावी, एवढीच आमची इच्छा आहे," पांढऱ्या केसांचा अधिकारी इंग्रजीत म्हणाला. ऊर्मिलाने तेच वाक्य फ्रेंचमध्ये पलंगावरच्या बाईंना सांगितलं.

जर्मनीत डार्मश्टाटजवळच्या रेहा क्लिनिकमधली, म्हणजे ऑपरेशननंतर रुग्णांना पुन्हा चालतं करणाऱ्या रुग्णालयातली, ती खोली. पलंगावर मादाम दियारा, उजवा पाय उशीवर उंच ठेवलेला. पश्चिम आफ्रिकेतल्या त्यांच्या छोट्या देशात तीन आठवड्यांनी राष्ट्राध्यक्षपदाची निवडणूक होती आणि त्या उमेदवार होत्या. प्रचारसभेत व्यासपीठ कोसळलं, गुडघा मोडला, म्हणून ऑपरेशनला इथवर आल्या होत्या. समोर बसलेले दोघे मात्र तिसऱ्याच देशाच्या दूतावासातले होते. मोठा देश, ज्याला नाही म्हणायची कुणाला सवय नव्हती. ऊर्मिलाला दुभाषी म्हणून एजन्सीमार्फत त्यांनीच बोलावलं होतं.

ऊर्मिला पूर्वी पुण्यात फ्रेंच शिकवायची. लग्न होऊन जर्मनीत आली त्याला सव्वीस वर्षं झाली होती. घरी गेल्यावर नवरा, उल्हास, विचारायचा, "आज काय म्हणाली गं मोठी माणसं?" त्यावर तिचं ठरलेलं उत्तर असे, "तोंड माझं होतं, बोलणं त्यांचं. मला काय ठाऊक?"

अधिकाऱ्याने एक कागद पलंगावर सरकवला. प्रकृतीच्या कारणाने माघार, असा मजकूर तयार होता. फक्त सही हवी होती, शुक्रवारपर्यंत.

"डॉक्टर मला दहा दिवसांत घरी सोडणार आहेत," मादाम म्हणाल्या. "मी आजारी आहे हे तुम्हाला कुठल्या डॉक्टरांनी सांगितलं?"

तो हसला. "आइसा कशी आहे? आमच्याकडे वैद्यकीच्या शेवटच्या वर्षाला आहे ना तुमची लेक? आम्हा सगळ्यांना फार कौतुक आहे तिचं."

ऊर्मिलाने तेही सांगितलं, त्याच गोड सुरात. सूर इतका हुबेहूब जमला, की तिची तिलाच शरम वाटली. मादाम तिच्याकडे बघत राहिल्या.

मग अधिकारी शेजारच्या तरुण सहकाऱ्याकडे वळला आणि हलक्या आवाजात म्हणाला, "सही आली तर उत्तम. नाही आली तर सोमवारी पोरीचा व्हिसा रद्द करायला सांग." आणि ऊर्मिलाकडे न बघताच, "हे आमचं आपसातलं. भाषांतर नको."

ऊर्मिलाने वही मिटली. प्रत्येक कामाच्या सुरुवातीला ती एक वाक्य म्हणत असे, आजही दोन्ही भाषांत म्हणाली होती: या खोलीत जे बोललं जाईल, ते सगळं मी सांगेन. विमानातल्या सूचनांसारखं ते कुणी ऐकत नसे. खरं तर इतक्या वर्षांत तिनेही किती काय गिळलं होतं. शिव्या गिळल्या होत्या, कुत्सित शेरे गिळले होते. पण ते सगळं कुणाच्या पोरीबद्दल नव्हतं.

ती पलंगाकडे वळली. "सही आली तर उत्तम," ती फ्रेंचमध्ये म्हणाली. "नाही आली तर सोमवारी पोरीचा व्हिसा रद्द करायला सांग. हे आमचं आपसातलं. भाषांतर नको."

तरुणाला थोडंफार फ्रेंच येत असावं. त्याचे कान लाल झाले.

"काय सांगितलंत तुम्ही?" पांढऱ्या केसांच्या माणसाने विचारलं.

"तुम्ही बोललात ते, सर. शेवटच्या वाक्यासकट."

"तुम्हाला इथे कुणी नेमलंय, याची कल्पना आहे ना?"

ऊर्मिलाने तेही फ्रेंचमध्ये सांगून टाकलं, अर्धं सवयीने. मादाम दियारा खळखळून हसल्या आणि लगेच कळ आली म्हणून गुडघा धरून बसल्या. कळ ओसरल्यावर त्यांनी कागद परत सरकवला आणि एकच वाक्य बोलल्या.

"माझं नाव मतपत्रिकेवर राहील," ऊर्मिलाने इंग्रजीत सांगितलं. तिचा आवाज मादामपेक्षा जरा चढाच लागला.

दोघे उठले. कागद उचलून ते खोलीबाहेर पडले.

ऊर्मिला वही पर्समध्ये टाकू लागली. "तुमचं काम गेलं का?" मादामनी विचारलं.

"बहुतेक."

"बसा थोडा वेळ."

मादामनी फोन लावला. पलीकडून मुलीचा आवाज आला आणि त्या आपल्या घरच्या भाषेत बोलू लागल्या. ती भाषा ऊर्मिलाला येत नव्हती. पलीकडचा आवाज आधी भराभर आला, मग चढला, मग एकदम थांबला. मादामनी फोनवर तळहात ठेवला.

"शेवटच्या परीक्षेला चार महिने राहिलेत तिच्या," त्या फ्रेंचमध्ये म्हणाल्या.

मादामनी फोन पुन्हा कानाला लावला. मुलगी आता हळू आवाजात काहीतरी विचारत होती, तेच, पुन्हा पुन्हा, आणि मादाम दर वेळी फक्त तिचं नाव घेत होत्या, आइसा.