पंधरा तासांची बैठक

केशरबाईंनी पहाटे चारला जीपच्या सीटवर बूड टेकलं आणि सुनेला बजावलं, "आता सांजच्या सातापत्तुर मला ऊठ म्हनायचं न्हाई."

"मी कशाला म्हनू?" ज्योती म्हणाली आणि चूल पेटवायला गेली.

सीट ज्योतीच्या नवऱ्याच्या, करणच्या, जुन्या जीपची होती; वडापला, गावोगावचे प्रवासी भरून चालायची ती. जीप भंगारात गेली, सीट तेवढी पडवीत राहिली. केशरबाईंनी ती भिंतीशी ओढून घेतली होती. एका अंगाला भिंत, दुसऱ्या अंगाला बाजरीची पोती, समोर लोखंडी पेटी. गुडघा आणि पेटी यांच्यात एक वीत चार बोटं जागा. विमानातलं हे माप राधाकृष्ण गुरुजींनी दिलं होतं. गुरुजी लेकीकडे अमेरिकेला जाऊन आले होते आणि तेव्हापासून विमानाचा विषय निघाला की अख्खं गाव त्यांच्याच तोंडाकडे बघायचं. पाय सुजतात, घोटे फिरवत राहायचं, घोट घोट पाणी प्यायचं, लघवीपुरतं उठायचं, तेही शेजारच्याला ओलांडून. केशरबाईंनी त्यांच्याकडून हे सगळं दोनदा वदवून घेतलं होतं.

ज्योतीच्या अंगाचा तिळपापड झाला होता. तिला सातवा महिना होता. आई लहानपणीच गेलेली, माहेरी एक भावजय, ती स्वतःचा चहासुद्धा जड झाल्यासारखा करायची. बाळंतपण सासूच्याच हातचं होणार होतं. आणि ऐन वेळी ही बाई थोरल्या लेकाकडे, कॅनडाला निघाली. अंगदला तिकडे जाऊन सात वर्षं झाली होती. कंबर धरल्यामुळे त्याला इतका वेळ बसवत नाही म्हणून तो येत नाही, आणि तो येत नाही म्हणून म्हातारी निघाली. ज्योतीला सगळं स्वच्छ दिसत होतं. कागदपत्रांचं गुरुजीच बघत असणार. राबायचं धाकटीनं आणि जीव थोरल्यावर!

करणला काही विचारायची सोय नव्हती. "जाती तर जाऊ दे," एवढं बोलून तो सकाळीच शेवगावच्या फेरीला निघून गेला होता.

एकच आशा होती. म्हातारी सातच्या आत उठली, तर जाणं आपोआप बारगळलं असतं.

आठला ज्योतीने चहा दिला. मुद्दाम गार करून दिला. केशरबाईंनी तो पाणी प्यावं तसा पिऊन टाकला.

दहापर्यंत त्यांची चुळबुळ सुरू झाली. जन्मात ही बाई रिकाम्या हाताने बसली नव्हती. बोटं आपसूक पोत्याकडे जायची, सुतळी उसवायला बघायची. मग त्या हात मागे घेऊन मांडीखाली दाबून ठेवायच्या. समोरच्या पेटीचा गंज बघायचा, डोळे मिटायचे, उघडायचे, पुन्हा तोच गंज. तिकडे घड्याळाचा काटा जागचा हलायला तयार नव्हता.

"लई झालं आसंल तर उठा. कुनी बघत न्हाई," ज्योती म्हणाली.

"तू बघती ना."

ज्योतीला संताप आवरला नाही. झाडता झाडता तिने पेटीला पायाने रेटा दिला. पेटी चार बोटं आत सरकली आणि केशरबाईंच्या गुडघ्यांपुढे जेमतेम वीतभर जागा उरली.

केशरबाईंनी तिच्याकडे पाहिलं. "आनखी थोडी सरकव. म्होरचा मानूस पाठ मागं टाकतो म्हनं."

दुपारी ज्योतीने स्टीलच्या डब्यात मूठभर भात आणि गार भाजी दिली. विमानात तेवढंच मिळतं, असं गुरुजींनी सांगितलं होतं, त्यामुळे ज्योतीला दुष्टावा करायलाही नियमाचा आधार मिळाला. तीनच्या सुमाराला म्हातारीचा चेहरा उतरला. पाय घोट्यापाशी टरारून फुगले. कमरेतून कळ आली की त्या ओठ आवळायच्या, पण हूं की चूं करायच्या नाहीत.

शेवटी ज्योतीच रडकुंडीला आली.

"आत्याबाई, मला कुनी न्हाई हे ठावं हाय ना तुमाला? तरी जाताय?"

"तुज्याशी बोलायला बसले न्हाई मी. काम कर."

एवढं ऐकल्यावर ज्योतीने त्यांच्याशी बोलणं टाकलं. मरू दे, जाऊ दे, तिकडेच राहू दे, असं मनात घोकत तिने भाकरी थापल्या. त्या दिवशी तिची एकही भाकरी धड फुगली नाही.

सातला केशरबाई उठल्या. पहिल्यांदा उठवेना. भिंत धरून, पेटीवर हात टेकवून त्या उभ्या राहिल्या. ज्योती दारात होती, पण तिने हात दिला नाही. केशरबाईंनीही मागितला नाही. लंगडत गोठ्यात गेल्या, म्हशीची धार काढली आणि दुधाची बादली आणून चुलीपाशी ठेवली.

"आंगदला फोन लावून दे. तिकडं सकाळ झाली आसंल."

ज्योतीने नंबर लावला, आवाज मोठा केला आणि फोन त्यांच्या पुढ्यात आदळला. घ्या, सांगा लाडक्याला, येते म्हणून.

"आई? बरी आहेस ना?" अंगदचा आवाज झोपेतला होता.

"बरी हाय. तुजा बाप गेला, तवा दहाव्याला बी आला न्हाईस. म्हनलास, पंधरा तास बसवत न्हाई, कंबर मोडती."

"आई, आता ते कशाला..."

"आज मी पंधरा तास बसून बगितलं, आंगद. चौसष्ट वर्साची हाय, गुडघे गेलेत, तरी उठून धार काढली. आता खरं सांग, का न्हाई आलास?"