हिचा ब्रेक

यशपालने जुनी पिकअप घेतली, तेव्हापासून आमच्या घरात ‘ही’ म्हणजे मी नव्हे. संध्याकाळी तिचं बॉनेट पुसताना तो जे पुटपुटायचा, ते मी लग्नाच्या पहिल्या वर्षी ऐकलं होतं.

तो चालवायचा तेव्हा ब्रेक लोण्यासारखा. मी बसले की पेडल दगड.

“तुझ्या पायात जोर नाही, उत्कर्षा,” तो म्हणाला. इथे स्टुटगार्टात ब्रेकच्याच कारखान्यात नोकरी करणाऱ्या बायकोला.

शनिवारी मी इंजिन बंद ठेवून पेडल चार-पाचदा दाबलं आणि दाबून धरूनच गाडी चालू केली. पेडल थोडं खाली जायला हवं होतं. गेलं नाही. शोधल्यावर ब्रेकला जोर पुरवणारा व्हॅक्यूमचा पाइप चिरलेला सापडला. नवा बसवला, तसं पेडल अलगद खाली गेलं. सवतीचं नाक कापल्यासारखं बरं वाटलं.

ट्रायलला मी चालवत होते, तो शेजारी. उतार लागला तेव्हा कितीतरी दिवसांनी त्याने माझ्या मानेवर हात ठेवला.

“गेनाऊ, अगदी बरोबर केलंस,” तो म्हणाला. “माझी राणी तूच.”

पायाखालचं पेडल ताठरलं. मी सगळा भार टाकला. ते सावकाश माझा पाय वर ढकलू लागलं. खाली सिग्नल लाल होता.

“यशपाल,” मी म्हणाले, “हात माझ्यावरून काढ. तिच्यावर ठेव.”