डार्सीची पाठ

फुस्स! सकाळच्या शांत स्वयंपाकघरात सनस्क्रीनच्या बाटलीने नुसती हवा सोडली. ब्रॉनीने बाटली उलटी आपटली, उरलंसुरलं तळहातावर काढलं आणि सात वर्षांच्या मार्नीच्या नाकाकानांना चोपडलं.

"पुरे ना आई! मी काय टोस्ट आहे?"

"टोपी नसली तर शाळेत मैदानावर सोडत नाहीत. हे नसेल तर मी समुद्रावर नेणार नाही."

तिचा नवरा डार्सी ऑगस्टपासून उत्तरेच्या आखातात होता, कोळंबी पकडणाऱ्या बोटीवर. लाल केसांचा, दुधासारख्या कातडीचा माणूस, आणि जाळी ओढताना हमखास शर्ट काढणारा. उन्हाने झालेल्या कातडीच्या कॅन्सरपायी त्याच्या बापाचा अर्धा कान डॉक्टरांनी कापून काढला होता, तरीही.

तो घरी असला की महिन्याच्या पहिल्या रविवारी ब्रॉनी त्याला खिडकीशी उभं करून पाठीवरचा तीळ न् तीळ बघायची. बघून झालं तरी हात तिथेच रेंगाळायचा.

फोन वाजला, डार्सीचा व्हिडिओ कॉल. बोट धक्क्याला लागली होती.

"शर्ट काढ," ब्रॉनी म्हणाली.

"अगं, आधी कसा आहेस तरी विचार!"

"काढ म्हणते ना. वळ. उजेडात ये."

मागे कुणीतरी खिदळलं. "डार्सी, बायको तपासतेय की विकत घेतेय रे?"

पडद्यावर ती पाठ आली. खांद्याखालचा एक तीळ पसरलाय की काय, या धास्तीने तिला कित्येक रात्री झोप नव्हती. तीळ होता तसाच होता. गोल, लहान, कडा नीट. तरी ती बघत राहिली. काचेवरून बोट फिरवत राहिली.

"काय मग बाईसाहेब, पास?"

"पास." तिने काचेवरून बोट उचललं. "कधी येतोस रे?"

"नाताळाच्या आधी. शप्पथ."

फोन ठेवल्यावर तिला कितीतरी दिवसांनी हलकं वाटलं. गुणगुणत तिने पोहण्याचे कपडे घातले, सनस्क्रीनची नवी बाटली उघडली.

"आता मी तुला लावणार," मार्नीने बाटली हिसकावली. "बाबा लावतो तसं."

ब्रॉनी पायरीवर पाठमोरी बसली. गार, चिमुकले तळवे पाठीवर फिरू लागले. तिने डोळे मिटले. क्षणभर ते हात डार्सीचेच झाले.

मग ते थांबले.

"आई, हा काळा, वेडावाकडा डाग तुला कधीपासून आहे?"