आठ पेले

अमेरिकन बर्बन व्हिस्कीची खरी किंमत वासावरून सांगणाऱ्या तिच्या नाकाला आजवर कोणाचा बापही फसवू शकला नव्हता. स्पर्धेत बिननावाचे आठ पेले मांडलेले. वास उडू नये म्हणून प्रत्येकावर काचेचं झाकण. पहिलं झाकण उचललं आणि बाबाच समोर आले: व्हिस्की मुरवायची लाकडी पिंपं आतून जाळणारे, धुरकटलेले, गालातल्या गालात हसणारे. दुसऱ्या पेल्यातही बाबा. आठव्यातही! तिने तंद्रीतच सगळ्यांना पैकीच्या पैकी गुण दिले. मुख्य परीक्षक चक्रावले. "ताई, यातल्या पाच व्हिस्की तर स्वस्तातल्या!" जवळ येऊन त्यांनी हुंगलं. "वास पेल्यांना नाही, तुमच्या स्वेटरला येतोय." "बाबांचा. गेल्या महिन्यात गेले ते." परीक्षक वरमले. "फेरी उद्या पुन्हा घेऊ. हा मात्र धुवायला टाका." तिने मान डोलावली. स्वेटर काढून पिशवीत ठेवला, पिशवीचं तोंड करकचून बांधलं. वास उडू नये म्हणून.