नवव्या भागात वारलेली म्हातारी

त्या ॲनिमे मालिकेत आमचं सेनबेईचं, म्हणजे तांदळाच्या कुरकुरीत पापड्यांचं, दुकान हुबेहूब काढलंय, अगदी फुटक्या कौलासकट. फक्त गल्ल्यावरची म्हातारी नवव्या भागात वारते. तेव्हापासून देशभरातली पोरं यात्रेला येतात, दारात उदबत्ती लावतात आणि आत मला धडधाकट बघून हिरमुसतात.

शेवटी गावच्या पर्यटन मंडळाचे कुरोसे-सान आले. कमरेत वाकून म्हणाले, "फुमियो-सान, शनिवार-रविवार तेवढं मागच्या खोलीत बसाल का? लोकांचा फार विरस होतो हो."

बसले. माझ्या मरणाने सेनबेई खपत असतील, तर मी कशाला आड येऊ?

काल पडद्याच्या फटीतून पाहिलं, तर रांगेत डोळे पुसत आमचा मासाहिको उभा. सात वर्षांत ओबोनला, पितरांच्या सणाला, बापाच्या थडग्यावर पाणी घालायला टोकियोहून यायची सवड झाली नव्हती त्याला. मला राहवेना. तशीच अनवाणी बाहेर धावले, त्याच्यासमोर जाऊन उभी राहिले.

हुंदका आवरत तो म्हणाला,



"आई, जरा बाजूला हो. फोटोत येतेयस."