कोरी डबी

डॉक्टरांनी ऋताच्या सुजलेल्या पायावर बोट दाबलं. खड्डा पडला, तो तसाच राहिला. "किडनीला सूज आहे आणि लघवीत पारा सापडलाय. चेहऱ्याला लावते ते सगळं आणलंत?"

शरयूताईंना प्रश्न जवळजवळ सुखावून गेला. भिंग घेऊन लेबलं वाचणारी आई अख्ख्या सोसायटीत दुसरी कोण होती? पॅराबेन दिसलं की बाटली कचऱ्यात. 'सुगंध' एवढंच मोघम छापलेलं असलं की ट्यूब परत दुकानात. "आमच्या घरात विषारी काही शिरूच शकत नाही, डॉक्टर," म्हणत त्यांनी पिशवी टेबलावर रिकामी केली.

डॉक्टरांनी बाकीचं बाजूला सारून एक पांढरी डबी उचलली. "हिच्यावर तर काहीच लिहिलेलं नाही!"

"ती घरगुती आहे हो. पार्लरवाल्या ताई स्वतः घोटतात. महिन्याभरात केवढी उजळली पोरगी! वाईट काही असतं, तर त्यावर लिहिलं नसतं का..." आपलंच वाक्य कानावर पडलं तशा शरयूताई थांबल्या. ते क्रीम लेकीच्या गालांवर त्या स्वतःच्या हाताने चोळत होत्या. मुलाकडचे बघायला येणार होते ना! आणि गेल्याच आठवड्यात त्यांचा होकारही आला होता.

"उजळवतो तो बहुतेक पाराच," डॉक्टर म्हणाले. "डबी तपासायला पाठवतो. हे आजपासून बंद."

बाहेर आल्यावर शरयूताईंनी लेकीचा हात धरला. ऋताने तो सोडवून घेतला नाही, पण आईकडे बघितलंही नाही.

"तिकडे फोन करून टाक, आई," ती म्हणाली. "होकार त्यांनी डबीला दिलाय."